पोटात बाळाची वाढ कमी पडते, तेव्हा आईच्या हृदयात आणि रक्ताभिसरणात काय चाललेलं असतं?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार. चार वर्षं इथे नुसतं वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

माझी लेक बत्तिसाव्या आठवड्यात सिझेरियनने झाली. वजन १२४० ग्रॅम. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत पहिल्यांदा कळलं की बाळ तारखेच्या मानाने जवळजवळ तीन आठवडे मागे आहे. मग दर दोन-तीन दिवसांनी डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी. एकतिसावा आठवडा लागला तेव्हा नाळेतल्या रक्तवाहिनीचा आलेख बिघडला: बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये वारेकडे रक्त पुढे सरकतच नव्हतं. फुप्फुसं पक्व व्हावीत म्हणून मला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली आणि पुढच्या आठवड्यात बाळ बाहेर काढलं. छत्तीस दिवस एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग). आज ती बालवाडीत जाते आणि घरभर बोलत असते.

त्या सगळ्या धावपळीत माझ्याबद्दल मी एकच वाक्य ऐकलं: "आई नॉर्मल आहे, बीपी चांगलं आहे."

आता दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे. यावेळी डॉक्टर बदलल्या. त्यांनी जुनी फाइल मागवली, बाळाचे स्कॅन बाजूला ठेवले आणि माझ्या बीपीची, नाडीची, हिमोग्लोबिनची पानं काढून ओळीने लावली. दिवस राहिल्यावर बीपी ११६/७६. पाचव्या महिन्यात ११८/८०. सातव्यात १२८/८४. नाडी सुरुवातीला ६६, सातव्या महिन्यातही ६८. हिमोग्लोबिन शेवटपर्यंत १३ च्या वर, त्याचं तर सगळ्यांनी कौतुक केलं होतं. त्या म्हणाल्या, "यातला एकही आकडा एकटा बघितला तर वाईट नाही. पण पाचव्या महिन्यात बीपी खाली यायला हवं होतं, नाडी वाढायला हवी होती, हिमोग्लोबिन थोडं उतरायला हवं होतं. यातलं काहीच झालं नाही."

मी घरी येऊन रडले, मग वाचायला लागले. जे समजलं ते लिहिते. मी शाळेत विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे चूक असेल तिथे जाणकारांनी दुरुस्त करावं.

दिवस राहिल्यावर शरीरात सगळ्यात आधी होणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे रक्तवाहिन्या सैलावतात. हे अगदी पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून सुरू होतं, बाळ जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं असताना. नळ्या सैल झाल्या की त्या भरायला रक्त कमी पडतं, म्हणून मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, हळूहळू ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे लिटरभराच्याही वर. तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात, म्हणून रक्त पातळ होतं आणि हिमोग्लोबिन उतरतं. हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फेकत असतं, ते ३० ते ५० टक्के जास्त फेकायला लागतं. नाडी दहा-वीस ठोक्यांनी वाढते. एवढं करूनही बीपी वाढत नाही, उलट मधल्या महिन्यांत थोडं उतरतं, कारण नळ्या सैल असतात.

हा खटाटोप गर्भाशयासाठी. एरवी गर्भाशयाला मिनिटाला पन्नासेक मिलिलिटर रक्त जातं. दिवस भरत येतात तेव्हा तेच पाचशे-सातशे मिलिलिटर होतं. गर्भाशयाच्या आतल्या छोट्या, स्क्रूसारख्या पीळदार धमन्यांच्या भिंतीत वारेच्या पेशी शिरतात, तिथला स्नायूचा थर घालवतात आणि अरुंद धमनीचं रुंद तोंडाचं नरसाळं करतात. साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत हे काम उरकतं. ते अर्धवट राहिलं की रक्त कमीही येतं आणि जोराच्या धारेने येतं. वारेला दोन्ही सोसत नाही.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. मला नवीन होतं ते पुढचं. ज्यांच्या पोटात बाळाची वाढ खुंटते, अशा अनेक बायकांचं रक्ताभिसरण सबंध शरीरातच वेगळं वागताना सापडलेलं आहे. हृदय कमी रक्त फेकतं, रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात, प्लाझ्मा पुरेसा वाढत नाही. बीपी वाढलेलं नसतानाही.

इथे कोणाला असा अनुभव आहे का? कोणाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या खेपेआधी हृदयाची तपासणी सांगितली का?

गवती_चहा

रानजाई, लेकीला खूप आशीर्वाद. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे, थोडी भर घालतो.

बीपी चांगलं असूनही आतलं चित्र वेगळं असू शकतं, त्यामागे साधा गुणाकार आहे. रक्तदाब म्हणजे हृदयातून मिनिटाला निघणारं रक्त गुणिले रक्तवाहिन्यांचा विरोध. सहा गुणिले दोन बारा, आणि चार गुणिले तीनही बारा. पहिल्या बाईच्या नळ्या सैल आहेत आणि रक्त भरपूर वाहतंय. दुसरीच्या नळ्या आवळलेल्या आहेत आणि रक्त कमी वाहतंय. दंडावरची पट्टी दोघींना एकच आकडा दाखवते. वारेला मात्र आकड्याशी देणंघेणं नाही, तिला वाहतं रक्त लागतं.

इकोमध्येही, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतही, फरक दिसतो. गरोदरपणात हृदयाचा डावा कप्पा थोडा मोठा होतो आणि भिंतही त्या प्रमाणात वाढते, जास्तीचं रक्त सामावायला. वाढ खुंटलेल्या काही गरोदरपणांत कप्पा फारसा मोठा होत नाही, भिंत मात्र जाडावते. आवळलेल्या नळ्यांविरुद्ध ढकलणाऱ्या हृदयाची ती ठेवण आहे.

आता वादाचा मुद्दा. आधी वार बिघडते आणि तिच्यातून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे आईच्या रक्तवाहिन्या आवळतात, की आईचं हृदय आणि रक्तवाहिन्याच मुळात कमी पडतात आणि म्हणून वार नीट रुजत नाही? पाठ्यपुस्तकं बराच काळ पहिलं सांगत आली. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलचे बास्की थिलगनाथन दुसरी बाजू आग्रहाने मांडतात. २०१८ साली लंडनच्याच एका गटाचा अभ्यास आला. त्यांनी मूल हवं असलेल्या निरोगी बायकांना दिवस राहण्याआधीच तपासलं होतं. पुढे ज्यांना प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवरही परिणाम होणारा आजार) झाला किंवा ज्यांच्या बाळाची वाढ कमी पडली, त्यांचं हृदय गरोदरपणाच्या आधीपासूनच कमी रक्त फेकत होतं आणि रक्तवाहिन्यांचा विरोध जास्त होता. मला स्वतःला वाटतं की दोन्ही खरं आहे, वेगवेगळ्या बायकांत वेगवेगळ्या प्रमाणात.

एक विनंती. हे सगळे गटांच्या सरासरीचे निष्कर्ष आहेत. नाडी ६८ आहे म्हणून कोणी घाबरू नये. नियमित पळणाऱ्या, पोहणाऱ्या बायकांची नाडी कमीच असते.

तांबडमाती

धागा चांगला आहे, पण हिमोग्लोबिनबद्दलचं वाचून पोटात गोळा आला. मी ग्रामीण भागात आशाताईंसोबत काम करते. आमच्याकडे नोंदणीला येणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन ८-९ असतं. महिन्याच्या नऊ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बायकांची तपासणी असते, तिथे लोहाच्या गोळ्या घ्यायला समजावता समजावता आमचा घसा बसतो. "गोळीने मूल मोठं होतं आणि अडतं" ही समजूत अजून गेलेली नाही. त्यात कोणी वाचलं की हिमोग्लोबिन उतरणं चांगलं, तर गोळ्या सरळ उकिरड्यावर जातील. कृपया स्पष्ट लिहा.

रानजाई

ताई, तुमचं अगदी पटलं. माझं चुकलं, लिहितानाच हे सांगायला हवं होतं. लोहाच्या गोळ्या कोणीही बंद करू नका.

गवती_चहा

तांबडमाती यांना पूर्ण अनुमोदन. दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात मिसळतात, म्हणून हा गोंधळ होतो. रक्त पातळ झाल्यामुळे उतरलेलं हिमोग्लोबिन वेगळं आणि लोह संपल्यामुळे उतरलेलं वेगळं. पहिल्यात तांबड्या पेशी वाढलेल्याच असतात, फक्त पाणी त्याहून जास्त वाढलेलं असतं. दुसऱ्यात पेशीच कमी आणि लहान असतात. १९९५ साली फिलिप स्टीअर आणि सहकाऱ्यांनी लंडन भागातल्या दीड लाखाच्या आसपास बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. गरोदरपणातलं सगळ्यात कमी हिमोग्लोबिन ९.५ ते १०.५ च्या दरम्यान असलेल्या बायकांत कमी वजनाची बाळं सगळ्यात कमी होती. त्याखाली प्रमाण वाढत होतं आणि वरही वाढत होतं. ज्यांचं हिमोग्लोबिन उतरलंच नाही त्यांच्यात प्लाझ्मा वाढला नसावा, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे आठ वाईटच. आणि तेरा दिसलं की नुसतं कौतुक करून पान उलटू नये, एवढंच.

निशिगंध

मग प्लाझ्मा कमी असेल तर सलाइन लावून वाढवता येत नाही का? माझ्या जावेला "पाणी कमी आहे" म्हणून आठवडाभर सलाइन लावलं होतं.

गवती_चहा

निशिगंध, "पाणी कमी" म्हणजे बाळाभोवतीचं गर्भजल, ती निराळी गोष्ट. प्लाझ्माचं विचाराल तर पिंप भरायचं असेल तर आधी पिंप मोठं हवं. नळ्या आवळलेल्या असताना वरून ओतलेलं पाणी तिथे टिकत नाही, ते फुप्फुसात उतरण्याची भीती असते. नेदरलँड्समध्ये तीव्र प्रीएक्लॅम्प्सिया असलेल्या बायकांवर असा प्रयोग झाला, २००५ मध्ये निष्कर्ष आले. आईला किंवा बाळाला फायदा दिसला नाही.

खारदुंग_वारा

थोडं अवांतर, पण याच विषयाला धरून आहे. यजमान लष्करात, पहिल्या खेपेला आम्ही लेहला होतो. उंची साडेतीन हजार मीटर. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की उंचावर बाळं थोडी लहानच होतात, दर हजार मीटरला साधारण शंभर ग्रॅमची घट धरतात, म्हणून मी सहाव्या महिन्यात साताऱ्याला माहेरी आले. नंतर वाचनात आलं की तिबेटी आणि अँडीज पर्वतातल्या बायकांची बाळं त्याच उंचीवर बाहेरून आलेल्यांपेक्षा वजनाने चांगली भरतात, आणि त्यांच्या गर्भाशयाच्या धमन्यांतून जाणारं रक्त जास्त असतं. पिढ्यानपिढ्या तिथे राहून शरीराने ते कमावलंय. प्राणवायू कमी असला तरी रक्त जास्त पोचवलं की बाळ वाढतं, हे तेव्हा मला फार आश्वासक वाटलं होतं.

मावळतीचा_वारा

मी वयाने तुम्हा सगळ्यांहून मोठी असणार. १९८६ साली माझा मुलगा नववा महिना भरूनही एक किलो नऊशेचा झाला. सासूबाई म्हणाल्या, "बारीक बांध्याची आई, बारीकच पोर." सगळ्यांना ते पटलं, मलाही. एकेचाळिसाव्या वर्षी बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या, चोपन्नाव्या वर्षी अँजिओप्लास्टी. हृदयाच्या डॉक्टरांनी वडिलांचं विचारलं, भावाचं विचारलं, साखर विचारली. बाळंतपणाचं कोणी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. आज हा धागा वाचून विचारते: त्या दोन गोष्टींचा काही संबंध असेल का?

अबोली_रुग्णालय

मावळतीचा_वारा काकू, मी स्त्रीरोग विभागात निवासी डॉक्टर आहे. तुमच्या एकटीच्या बाबतीत खात्रीने सांगता येणार नाही, पण संबंध असतो हे आता चांगलंच प्रस्थापित आहे. ज्यांना प्रीएक्लॅम्प्सिया झाला, त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. वेळेआधी किंवा कमी वजनाचं बाळ झालेल्यांतही तो वाढलेला दिसतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ मध्येच बायकांच्या हृदयविकाराचा धोका मोजताना गरोदरपणाचा इतिहास विचारात घ्यायला सांगितलं. गरोदरपण हे नऊ महिने चालणाऱ्या स्ट्रेस टेस्टसारखं आहे असं आमच्या मॅडम शिकवतात. तुम्ही पुढच्या वेळी हृदयाच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा ते बाळंतपण जरूर सांगा. तुमच्या सुनेला आणि लेकीलाही सांगून ठेवा.

आपल्या पुण्याचाही एक धागा इथे जुळतो. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खात होत्या त्यांची बाळं मोठी, आणि ज्यांच्यावर शेतातलं, पाणी वाहण्याचं जड काम होतं त्यांची लहान. त्या अभ्यासाचा विषय प्रामुख्याने पोषण होता, हृदय नव्हे. पण मी ओपीडीत बसते तेव्हा सातव्या महिन्यात खुरपणी करून आलेल्या बाईचं बीपी मोजताना मला तो हमखास आठवतो. मर्यादित रक्त असेल तर ते स्नायूंना द्यायचं की गर्भाशयाला, हा हिशेब तिच्या शरीरात रोज चाललेला असतो.

टेम्सकाठी

मी मूळची नाशिकची, इंग्लंडमध्ये मिडवाइफ आहे. इकडे आधीच्या खेपेला वाढ कमी पडलेली असेल तर पुढच्या खेपेला विसाव्या आठवड्याच्या आसपास गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉप्लर करतात. धमन्या अजून आवळलेल्या दिसल्या तर ग्रोथ स्कॅन लवकर आणि वारंवार. धोका असलेल्यांना कमी मात्रेचं ॲस्पिरिन, शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करून, रात्री. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत धोका जास्त असलेल्या बायकांना रोज १५० मिलिग्रॅम दिल्यावर सदतिसाव्या आठवड्याआधी होणारा प्रीएक्लॅम्प्सिया साठ टक्क्यांहून अधिक घटला. वाढीसाठी फायदा त्या मानाने कमी. डॉक्टरांशिवाय कोणी सुरू करू नये, हे सांगायलाच हवं.

एक दुखरी आठवणही लिहिते. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैलावतील म्हणून वाढ खुंटलेल्या गरोदरपणांत सिल्डेनाफिल देऊन पाहण्याच्या चाचण्या अनेक देशांत चालू होत्या. आम्हाला सगळ्यांना फार आशा होती. जुलै २०१८ मध्ये नेदरलँड्समधली चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेतलेल्या गटातल्या काही नवजात बाळांना फुप्फुसातल्या रक्तदाबाचा त्रास झाला आणि त्यातली काही दगावली. तेव्हापासून "रक्तप्रवाह वाढवणारं" कुठलंही औषध, पावडर, सॅशे कोणी सुचवलं की मी आधी विचारते, हे तपासलंय का?

सह्याद्रीचा_पोर

नमस्कार, बायकोला तिसावा आठवडा आहे. काल ग्रोथ स्कॅनमध्ये वजन दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली, म्हणजे त्या आठवड्याच्या शंभर बाळांतल्या सगळ्यात लहान दहांत आलं. डॉप्लर चांगला आहे म्हणाले. आईने तिला अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलंय. आम्ही फार घाबरलोय. काय करावं?

अबोली_रुग्णालय

दादा, डॉप्लर चांगला आहे ही खरंच चांगली बातमी आहे. दहाव्या पर्सेंटाइलच्या खालची बरीच बाळं नुसती अंगाने लहान आणि अगदी सुदृढ असतात. वाढ दोन आठवड्यांच्या अंतराने परत मोजतील, डॉप्लर कधी करायचा ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पूर्ण वेळ झोपून राहिल्याने बाळ वाढतं असा पुरावा नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते. जड कामं नकोत, उभं राहून तासन्‌तास स्वयंपाक नको, पण घरात फिरू द्या. झोपताना कुशीवर, कारण उताणं झोपल्यावर गर्भाशयाचं ओझं पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतं आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. घरी बीपीचं यंत्र असेल तर रोज मोजून वहीत लिहा. १४०/९० किंवा वर गेलं, डोकं खूप दुखलं, डोळ्यांसमोर चमकलं, वरच्या पोटात दुखलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी दवाखान्यात जा. आणि आईंना सांगा, त्यांची काळजी योग्य आहे, फक्त सुनेला थोडं चालू द्या.

सह्याद्रीचा_पोर

मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. आज दोघी अंगणात फिरल्या.

रानजाई

तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले.

माझा टू-डी इको झाला. हृदय व्यवस्थित काम करतंय, भिंतीची जाडी सामान्यच्या वरच्या टोकाला आहे. चोवीस तास दंडावर पट्टा बांधून बीपी मोजलं, तर दिवसाची सरासरी १३६/८८ आली. दिवसा १३५/८५ च्या वर म्हणजे वाढलेलं धरतात. मी पस्तीस वर्षांची आहे आणि मला काहीही जाणवत नव्हतं. फिजिशियन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघींनी मिळून ठरवलं की तीन-चार महिने आधी हे ताळ्यावर आणायचं, मग बाळाचा विचार. गोळी निवडतानाही त्यांनी गरोदरपणात चालणारीच निवडली, कारण बीपीच्या सर्रास दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या दिवस गेल्यावर बाळाच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. रोज अर्धा तास भरभर चालतेय, लोणचं-पापड बंद केलंय.

मावळतीचा_वारा काकूंचा प्रतिसाद वाचला त्या रात्री मी आईला फोन केला आणि विचारलं, मी जन्मले तेव्हा वजन किती होतं? आई म्हणाली, "दीड किलोच्या वर असशील जेमतेम. आजीने कापसात गुंडाळून ठेवलं होतं तुला." आईला बेचाळिसाव्या वर्षापासून बीपीच्या गोळ्या आहेत. इको तिने आजवर एकदाही केलेला नाही. शनिवारी मी तिला घेऊन जातेय, नंबर लावून झालाय.